चालत्या यंत्राची अंतर्दुरुस्ती

खानदेशातून सुरतेस जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आता इतकी दाट झाली आहे की, उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून जाताना कानी पडणारी बोली कित्येकदा नंदुरबार-अमळनेरकडची अहिराणी असते. आणि लग्नसराई अथवा दिवाळी जवळ आली म्हणजे यंत्रमागावर किंवा रंगाई-छपाईच्या गिरणीत राबणारी ही मंडळी उधना-जळगाव मार्गावरील गाड्यांचे आरक्षण मिळविण्यासाठी खिडकीपुढे रांग धरतात. खिडकीआडचा कारकून कळा दाबतो आणि बाक मिळाला की प्रतीक्षायादीत नाव गेले हे तत्काळ सांगतो. परंतु त्या बाकाची अधिकृत नोंद सुरतेत नसतेच, ती मुंबईच्या मध्यवर्ती संगणकात असते, आणि दिल्ली, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील अशाच चार केंद्रांशी तो संगणक जोडलेला असतो. रात्री पावणेबाराच्या सुमारास इंटरनेटवरील तिकिटविक्री काही काळ थांबते, हे वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. तो काळ नोंदींची आवराआवर करण्याचा व दिवस पालटण्याचा असतो. अशा मोठ्या संगणकांच्या कारभारात निवांत घटका याखेरीज फारशा नसतात, आणि ज्या नाजूक कामाविषयी मी लिहू इच्छितो ते काम बहुधा अशाच एखाद्या घटकेसाठी राखून ठेवलेले असते. ते काम म्हणजे डिस्क कंट्रोलरचा, म्हणजे डिस्कवरील वाचन-लेखन हाताळणाऱ्या यंत्राचा, मायक्रोकोड बदलणे.

संगणकाचे दोन भाग सामान्य वाचकाला ठाऊक असतात: एक डोळ्यांना दिसणारे यंत्र आणि दुसरा त्यावर चालणारा प्रोग्राम. पण मोठ्या संगणकांत या दोहोंच्या मध्ये एक तिसरा थर असतो. प्रोग्राम म्हणतो, ‘अमुक डिस्कवरील अमुक नोंद आण’. हा हुकूम त्याच्या लेखी एकच असला, तरी तो पार पाडण्यासाठी वाचकशीर्ष योग्य कक्षेवर नेणे, फिरत्या तबकडीवरील नेमकी जागा डोक्याखाली येईपर्यंत थांबणे, वाचलेल्या अंकांची रुजवात घेणे, चूक आढळल्यास ती दुरुस्त करणे अथवा पुन्हा वाचणे, आणि अखेर निकाल कळविणे अशा कित्येक सूक्ष्म क्रिया क्रमाने घडाव्या लागतात. हा क्रम तारांच्या जोडणीत कायमचा बांधून टाकता येतो; किंवा तो लहान लहान आज्ञांच्या स्वरूपात एका स्वतंत्र स्मृतीत लिहून ठेवता येतो. त्या दुसऱ्या पद्धतीच्या लिखिताला मायक्रोकोड म्हणतात. त्याचा मोठा गुण हा की, यंत्राचे अंग न उघडता त्याचे वर्तन सुधारता येते.

ही कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी 1951 साली मँचेस्टर येथील एका परिषदेत प्रथम मांडली आणि पुढे एड्सॅक-2 या यंत्रात ती प्रत्यक्षात आणली. तिला व्यापारी महत्त्व आले ते 7 एप्रिल 1964 रोजी, आयबीएमने सिस्टिम/360 ही यंत्रमालिका जाहीर केली तेव्हा. लहान यंत्र स्वस्त व मंद, मोठे यंत्र महाग व वेगवान, आणि तरीही एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालावा, ही त्या मालिकेची प्रतिज्ञा होती. आणि मालिकेतील बहुतेक यंत्रांत ती मायक्रोकोडच्याच आधारे पाळली गेली. सुरतेच्या वाचकाला यातले मर्म समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. जॅकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ चढविली की मागाचा सांगाडा तोच राहून साडीच्या काठावरची वेलबुट्टी बदलते. माग विणतो, पण काय विणायचे ते पत्ते सांगतात. येथे साम्य केवळ कल्पनेपुरतेच नाही. सिस्टिम/360 मालिकेतील मॉडेल 30 या यंत्राचा मायक्रोकोड खरोखरच मायलार नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पत्त्यांवर छिद्रे पाडून नोंदलेला असे, आणि त्यात सुधारणा करायची झाल्यास कंपनीचा इंजिनिअर यंत्राचे कपाट उघडून जुना पत्ता काढी व नवा बसवी. पत्त्याऐवजी पेन ड्राइव्हमधून नक्षी घेणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आज सुरतेच्या कारखान्यांत आले आहेत; संगणकातही तेच स्थित्यंतर घडले, आणि ते कसे घडले याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

1970 साली आयबीएमने सिस्टिम/370 ही पुढची मालिका आणली आणि तिच्यासोबत 3330 ही डिस्क व 3830 हा तिचा कंट्रोलर आणला. आता मायक्रोकोड पत्त्यांत न ठेवता, पुन्हा पुन्हा लिहिता येईल अशा अर्धसंवाहक स्मृतीत ठेवायचे ठरले. सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक अडचण होती: वीज गेली की ती स्मृती कोरी होई, आणि म्हणून यंत्र सुरू करताना प्रत्येक वेळी मायक्रोकोड बाहेरून भरावा लागे. त्यासाठी स्वस्त, हलके आणि टपालाने पाठविता येईल असे काहीतरी साधन हवे होते. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलन शुगार्ट यांच्या हाताखालील मंडळींनी या प्रश्नावर 1967 पासून काम चालविले; डेव्हिड नोबल यांनी निरनिराळे पर्याय तपासून अखेर आठ इंच व्यासाची, चुंबकीय लेप दिलेली लवचिक चकती पुढे आणली. चकतीवर धूळ बसून वाचन बिघडू लागले, म्हणून ती आतून मऊ कापडाचे अस्तर लावलेल्या पाकिटात घातली गेली. फिरता फिरता ती आपोआप पुसली जाई. 1971 साली बाजारात आलेल्या या साधनावर सुमारे 80 किलोबाइट मजकूर मावे, आणि ग्राहकाला तो फक्त वाचता येई, लिहिता येत नसे. हीच पहिली फ्लॉपी. पुढे कचेऱ्यांतून, शाळांतून आणि घराघरांतून जिचा संचार झाला, जिचे चित्र आजही मजकूर जतन करण्याची खूण म्हणून पडद्यावर दिसते, ती वस्तू जन्मली ती कोणाचे पत्र अथवा हिशेब साठविण्यासाठी नव्हे; डिस्क कंट्रोलरसारख्या यंत्रांत मायक्रोकोड भरण्यासाठी आणि त्याची सुधारित प्रत ग्राहकाकडे पोहोचविण्यासाठी जन्मली. एका आडबाजूच्या, सामान्य माणसाला ठाऊकही नसलेल्या गरजेतून एवढी सार्वत्रिक वस्तू निपजावी, याचे मला नेहमी विलक्षण अप्रूप वाटते.

भारतातही या तंत्रावर चालणारी यंत्रे आली, आणि त्यांतले एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1974 च्या सुमारास मुंबईत आणलेला बरोज 1728 हा संगणक ज्या मालिकेतला होता, तिची सारी रचनाच मायक्रोकोडवर उभी होती: कोबॉलचा प्रोग्राम आला की यंत्र कोबॉलसाठीचा मायक्रोकोड उचली, फोर्ट्रानचा आला की फोर्ट्रानसाठीचा, आणि अशा रीतीने एकच यंत्र घटकेत एका भाषेचे तर घटकेत दुसऱ्या भाषेचे होऊन बसे. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, जकातीचे दर या साऱ्यांतून वाट काढून आलेल्या त्या यंत्रावर शिकलेल्या पिढीनेच पुढे या देशाच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया घातला. 1978 साली परकीय भांडवलाच्या कायद्यापायी आयबीएमने भारतातून आपले बस्तान हलविले, तेव्हा तिने मागे ठेवलेल्या यंत्रांच्या निगराणीचा भार 1975 साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीने उचलला. मूळ कारखानदार निघून गेल्यावर त्याची यंत्रे चालती ठेवणे म्हणजे सुटे भाग, नकाशे आणि सुधारणांचे तपशील या सर्वांची तजवीज स्वतः करणे होय, आणि ते काम या मंडळींनी निष्ठेने केले. रेल्वेचे पहिले संगणकीय आरक्षण 1985-86 मध्ये दिल्लीत सुरू झाले ते याच सीएमसीने लिहिलेल्या प्रोग्रामवर, डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स जातीच्या संगणकांच्या बळावर. एप्रिल 1999 मध्ये पाचही केंद्रे परस्परांस जोडली गेली आणि मग सुरतेच्या खिडकीवर चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचेही तिकीट मिळू लागले. व्हॅक्स यंत्रे रूढ अर्थाने मेनफ्रेम, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांचा कारभार वाहणारे मध्यवर्ती संगणक, नव्हती. पण त्यांच्यातही मायक्रोकोड होता, त्यांतील 11/780 हे मॉडेल सुरू होताना आपल्या मायक्रोकोडमधील दुरुस्त्या आठ इंची फ्लॉपीवरूनच वाचून घेई, आणि कामाची जबाबदारी म्हणाल तर ती मेनफ्रेमहून कमी नव्हती.

आता प्रत्यक्ष डिस्क कंट्रोलरकडे वळू. मेनफ्रेम आणि डिस्क यांच्यामध्ये उभा असलेला हा कंट्रोलर म्हणजे स्वतःच एक पूर्ण संगणक असतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला आयबीएमचा 3990 हा कंट्रोलर घ्या. त्याचे दोन स्वतंत्र विभाग होते, प्रत्येकाला वेगळा वीजपुरवठा होता, आणि मेनफ्रेमकडून आलेला हुकूम कोणत्याही एका विभागातून डिस्कपर्यंत पोहोचू शके. त्यांपैकी मोठ्या मॉडेलमध्ये लिहावयाची नोंद प्रत्यक्ष तबकडीवर जाण्यापूर्वी क्षणभर वेगवान स्मृतीत विसावे, आणि वीज गेली तरी ती हरपू नये म्हणून तिची एक प्रत बॅटरीवर तगणाऱ्या दुसऱ्या स्मृतीत ठेवली जाई. आजच्या कंट्रोलरांतही हीच द्विदल रचना आहे. एका अर्धाने स्वीकारलेल्या नोंदीची प्रत दुसऱ्या अर्धाजवळ सुरक्षित असते. तबकड्या मात्र बहुतांशी गेल्या आणि त्यांच्या जागी न फिरणाऱ्या चिप आल्या. तरीही मेनफ्रेमचा प्रोग्राम आजही आपली जागा मोजतो ती 1989 च्या 3390 या डिस्कच्या मापाने: एका सिलिंडरमध्ये 15 ट्रॅक, एका ट्रॅकवर जास्तीत जास्त 56,664 बाइट. आत ना सिलिंडर ना ट्रॅक, पण बँकांचे व विमा कंपन्यांचे हजारो प्रोग्राम त्या मापावर बेतलेले असल्यामुळे कंट्रोलरचा मायक्रोकोड अस्तित्वात नसलेली ती तबकडी अहोरात्र उभी करून दाखवितो. तीन दशकांपूर्वी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम एका अक्षराचाही बदल न करता आजच्या यंत्रावर चालतो, यामागचे खरे श्रेय या थराला आहे.

एवढी जबाबदारी ज्याच्यावर आहे ते लिखित निर्दोष नसते. निर्माती कंपनी त्यात वेळोवेळी सुधारणा करते: क्वचितच उद्भवणारा पण उद्भवल्यास नोंद बिघडविणारा दोष काढते, नव्या जातीच्या डिस्कची ओळख करून देते, बिघडू पाहणारा भाग आधीच हेरण्याची युक्ती घालते. सुधारित प्रत आली की तिच्यासोबत एक पत्रक येते. प्रस्तुत प्रत कोणत्या पातळीवरून चढविता येईल, त्याआधी मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीत कोणत्या दुरुस्त्या झालेल्या असाव्यात, आणि ती एकदा चढविल्यावर मागे परतता येते की नाही, हे त्यात लिहिलेले असते. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर. काही सुधारणा अंतर्गत नोंदींची मांडणीच बदलतात. मग जुनी प्रत नव्या मांडणीला वाचू शकत नाही, आणि परतीचा रस्ता बंद होतो. जाणता सिस्टिम प्रोग्रामर पत्रकातील हा परिच्छेद आधी वाचतो.

मग मंजुरीची पाळी येते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या देखरेखीखाली, काय बिघडल्यास काय करावयाचे, काम अर्धवट सोडून मागे फिरण्याचा निर्णय कोणत्या घटकेपर्यंत घ्यायचा, हे सर्व लेखी मांडून संबंधित खात्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. महिनाअखेर, पगाराचे दिवस, व्याज आकारणीची रात्र हे दिवस वर्ज्य. बहुधा शनिवार उलटून रविवार लागतानाची वेळ निवडतात. आणि यंत्र अमेरिकेत व त्याची देखभाल पाहणारी मंडळी पुण्याच्या हिंजवडीत, असा जो प्रकार आता सर्रास आढळतो, त्यात न्यूयॉर्कला शनिवारची मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात ऋतुमानाप्रमाणे रविवारी सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात. कित्येक मराठी घरांतील मुलगा किंवा सून रविवारी सकाळी नाश्त्याचे ताट बाजूला सारून लॅपटॉपपुढे बसते ती या कारणाने.

नियोजित वेळ आली म्हणजे पहिले काम असते ते वाटांची मोजदाद. मेनफ्रेमपासून एका डिस्कपर्यंत एकच वाट नसते. आठपर्यंत वाटा असू शकतात, आणि त्या कंट्रोलरच्या दोन्ही अंगांना वाटून दिलेल्या असतात. ऑपरेटर एक लहानसा हुकूम टाइप करतो आणि पडद्यावर त्या डिस्कचा तक्ता उमटतो: वर वाटांचे क्रमांक, त्यांखाली तीन ओळी. वाट खुली आहे का, तिची प्रत्यक्ष जोडणी जिवंत आहे का, तिच्यावरून काम होते आहे का. आणि प्रत्येक प्रश्नापुढे प्रत्येक वाटेखाली होकाराचे एक ‘वाय’ अक्षर. तक्त्यात कोठेही नकाराचा ‘एन’ दिसला तर काम तेथेच तहकूब करावयाचे, कारण जी वाट आज मुकी आहे तिच्या भरवशावर दुसरी वाट बंद करणे म्हणजे चालत्या दप्तरास टाळे लावण्यासारखे आहे. अनुभवी ऑपरेटर हा तक्ता एका डिस्कचा पाहून समाधान मानत नाही. निरनिराळ्या पट्ट्यांतील अनेक डिस्क तपासतो आणि सारे निकाल जतन करून ठेवतो, म्हणजे काम संपल्यावर तेच तक्ते पुन्हा काढून ओळीला ओळ लावता येते. याच वेळी पाहावयाची दुसरी गोष्ट ही की, वेगवान स्मृतीत अडकून पडलेली, काही कारणाने डिस्कवर उतरू न शकलेली एखादी नोंद तर नाही ना. असल्यास तिचा निकाल आधी लागला पाहिजे.

पुढचा क्रम ऐकायला सोपा आहे. कंट्रोलरच्या एका अर्धाकडचे काम दुसऱ्या अर्धाकडे सोपवितात. त्याच्या स्मृतीतील न उतरलेल्या नोंदी डिस्कवर उतरवितात. मग त्या रिकाम्या अर्धात नवा मायक्रोकोड भरून तो पुन्हा सुरू करतात, तो स्वतःची तपासणी करतो, आणि निर्दोष ठरल्यास काम त्याच्याकडे परत येते. नंतर दुसऱ्या अर्धाची तीच वाट. पूर्वी इंजिनिअर फ्लॉपी घेऊन प्रत्यक्ष यंत्रापाशी उभा राही. आता देखरेखीच्या संगणकावर प्रत आधीच उतरवून ठेवलेली असते व बरेचसे टप्पे आपोआप पार पडतात. या सर्व वेळात मेनफ्रेम थांबत नाही: व्यवहार येत राहतात, नोंदी होत राहतात, कार्ड चालत राहतात. परंतु जितका वेळ एक अर्ध बाजूला आहे तितका वेळ साऱ्या नोंदींचा भार एकट्या दुसऱ्यावर आहे, आणि नेमक्या त्या वेळी त्याच्यात बिघाड झाला तर सावरायला कोणी नाही. म्हणून जेथे ऐपत आहे तेथे सर्व डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या कंट्रोलरवर क्षणोक्षणी ठेवलेली असते आणि गरज पडल्यास मेनफ्रेम तिच्याकडे वळविला जातो. मंडळींची खरी कसोटी लागते ती या मधल्या काळात, आणि तेव्हा करावयाचे काम जवळजवळ काहीच नसते; केवळ संदेश वाचणे, वेळ टिपणे आणि घाई न करणे एवढेच असते. पडद्यावर टप्पा पुढे सरकत नाही असे वाटले की कळ दाबण्याचा मोह होतो. तो आवरता येणे हे या विद्येचे अर्धे अंग आहे असे मी मानतो.

काम आटोपल्यावर पुन्हा तेच तक्ते निघतात. एखादी वाट परत खुली झाली नाही, असे येथे अनेकदा आढळते, आणि ती हाताने खुली करावी लागते. हे राहून गेल्यास काही बिघडत नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण उरलेल्या वाटांवर काम सुरळीत चालते, कोणास संशय येत नाही, आणि पुढल्या खेपेस कोणीतरी त्या उरलेल्या वाटा बंद करतो. म्हणून नोंदवहीतील अखेरची खूण सर्व वाटा जुळल्यावरच करावी असा दंडक असतो. सोमवारी भर गर्दीच्या वेळी डिस्कचा प्रतिसाद पूर्वीइतकाच वेगवान आहे ना, हे आकडे लावून पाहिले म्हणजे प्रकरण मिटले.

‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ हा प्रश्न या कामाच्या वाटेत नेहमी उभा केला जातो, आणि तो विचारणारे बहुधा अधिकारपदावरचे व सद्हेतूचे असतात. तथापि मला तो युक्तिवाद मान्य नाही. मायक्रोकोडातील ज्ञात दोष तसाच राहू देणे म्हणजे यंत्र निर्दोष आहे असे नव्हे. ज्या योगायोगाने तो दोष प्रकट होईल तो योगायोग अद्याप आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि सुधारणा वर्षानुवर्षे टाळली की तिची पातळी इतकी मागे पडते की, थेट नव्या प्रतीवर जाता येत नाही, मधल्या दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि जे काम एका रात्रीचे होते ते अनेक रात्रींचे होऊन बसते. बिघाड झाल्यावर घाईने केलेली दुरुस्ती आणि ठरल्या मुदतीत, पुरेशा तयारीने केलेली दुरुस्ती यांत दुसरीच श्रेयस्कर आहे, याविषयी या क्षेत्रातील जाणकारांत मतभेद नाही. मतभेद आहे तो केवळ त्यासाठी किती वेळ राखून ठेवावा यावर.

आपल्याकडील सहकारी बँका, नगरपालिका, विद्यापीठे यांच्या चालकांना माझी विनंती आहे की, ज्या डिस्क-कंट्रोलरांवर आपले दप्तर विसंबून आहे त्यांच्या मायक्रोकोडची पातळी काय आहे व ती शेवटची कधी तपासली, हे त्यांनी आपल्या संगणक विभागास लेखी विचारावे, आणि विभागाने सुधारणेसाठी रात्र मागितली तर ती द्यावी. तसेच अशा कामासाठी सेवा थांबवावी लागलीच तर खिडकीवर केवळ ‘सेवा बंद आहे’ असा फलक न लावता, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या कामासाठी बंद आहे हे दोन ओळींत लिहावे; सुरतेसारख्या शहरात तो फलक गुजराती व हिंदीबरोबर मराठीतही असावा.